३० दिवस झाले की फाइल आपोआप उडवावी का?

झेरॉक्सवाला, विश्रामबाग :
दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क २५६ जीबीची. दिवसभर गिऱ्हाईकं व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, सातबारा, लग्नपत्रिका पाठवतात, सगळं डाउनलोड्समध्ये साठतं. परवा सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, प्रिंट निघेना आणि दारात ही रांग. शेवटी विंडोजचं स्टोरेज सेन्स चालू केलं. डाउनलोड्समधलं ३० दिवस न उघडलेलं आपोआप जाणार. माझं म्हणणं, सगळ्यांनीच करावं. निवडत बसायला वेळ कुणाला आहे?

दिवाणजी, मार्केट यार्ड :
मालक, दमानं घ्या. आमच्या अडतीत भाच्यानं फोरफाइल्सची (तारीख बघून फाइली निवडणारी विंडोजची कमांड) एक ओळ लिहून टास्क शेड्यूलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीला, लावली होती, ९० दिवसांपेक्षा जुनं ते डेल कमांडनं पुसायचं. एका संध्याकाळी मी गेल्या हंगामातल्या हळदीच्या हिशेबपट्ट्या पेन ड्राइव्हवरनं कॉपी केल्या. सकाळी फोल्डर मोकळं! फाइल आज कॉपी केली तरी तिची ‘बदलल्याची तारीख’ जुनीच राहते, आणि फोरफाइल्स तेवढीच बघतं. आणि डेलनं गेलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. नशीब, पेन ड्राइव्ह खिशात होता.

झेरॉक्सवाला :
मग चूक भाच्याची म्हणा की! स्टोरेज सेन्स आपण सांगितल्याशिवाय डाउनलोड्सला हात लावत नाही.

करसल्लागार, गावभाग :
भाच्याला कशाला नावं ठेवता? फाइल जुनी आहे एवढंच यंत्राला कळतं, लागणार आहे की नाही ते नाही कळत. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या दप्तरांचा लगदा झाला. स्कॅन केलेलं तेवढं वाचलं. ते स्कॅन वर्ष-वर्ष कुणी उघडत नाही, तुमच्या नियमात पहिले तेच जातील. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. मी हार्ड डिस्क नवी घेईन, पण पुसणार नाही.

झेरॉक्सवाला :
मॅडम, तुमची दप्तरं तुमची. माझ्याकडं लोकांची आधार कार्डं पडून आहेत. ती साठवून मी काय करू?

कॉलेजवाला, मिरज :
मग ३० दिवस तरी कशाला ठेवता, काका? मीच तुमच्यासारख्या एका दुकानात प्रिंट काढायला गेलो, तर स्क्रीनवर कुणाकुणाची पॅन कार्डं दिसत होती. स्टोरेज सेन्समध्ये १ दिवसाचाही पर्याय आहे. खरं तर प्रिंट हातात दिली की शिफ्ट-डिलीट मारायला पाहिजे, म्हणजे रिसायकल बिनमध्येही राहत नाही.

दिवाणजी :
पोरगं बरोबर बोलतंय. दुसऱ्याचं लगेच पुसा, आपलं तारखेच्या हवाली करू नका.

झेरॉक्सवाला :
१ दिवसावर आणलं. पण लग्नपत्रिकांचं काय? दोन महिन्यांनी येतात, “तीच काढा, फक्त नावं बदला.”

करसल्लागार :
त्या डाउनलोड्समधून आजच बाहेर काढा. आणि कॉपी करून बसू नका, कट करा, नाहीतर पट्टी परत लाल.