मदत हवी आहे: सड्यावरच्या प्रस्तावित बॉक्साइट खाणीसाठी संकटग्रस्त प्रजातींच्या अधिवासाची पाहणी कशी करावी?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दक्षिण रत्नागिरीत एका सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) बॉक्साइट खाणीचा प्रस्ताव आहे, लीज (खाणपट्टा) साधारण ४० हेक्टर. ईआयए (पर्यावरणावरील परिणामांच्या) अहवालातलं जैवविविधतेचं प्रकरण माझ्याकडे आहे. एप्रिलच्या पाहणीत टिटवी, चंडोल, सरडे, कडेच्या करवंदाच्या जाळ्या आणि उरलेला सगळा काळा कातळ, एवढंच मिळालं. सातबाऱ्यावर जमीन पोटखराबा (लागवडीस अयोग्य), उपग्रहाच्या नकाशात खडकाळ पडीक.

टीओआरमध्ये (अहवालात काय तपासायचं ते ठरवून देणाऱ्या अटींत) कोअर झोन (लीजची जागा) आणि भोवतालचा १० किमी बफर झोन यांच्या वेगवेगळ्या याद्या मागितल्या आहेत, दुर्मिळ, संकटग्रस्त आणि प्रदेशनिष्ठ प्रजातींसह. बेसलाइन (खाणीआधीच्या स्थितीची नोंद) मात्र पावसाळा सोडून एका हंगामाची चालेल असं त्यातच आहे. नेमकं काय मोजायचं, कधी, किती वेळा? आणि 'काही आढळले नाही' असं कधी लिहिता येतं?

फुरसं_बघून_चाला

एप्रिलमध्ये सड्यावर काही दिसत नाही यात नवल नाही. तिथलं बरंचसं जगणं जून ते ऑक्टोबरात उरकतं, उरलेले महिने ते दगडाखाली, मातीत किंवा कंदात असतं. म्हणून प्रजातींची यादी नंतर, आधी सूक्ष्म अधिवासांचा नकाशा. तो मेमध्येही होतो.

लीजवर किमान पाच प्रकार वेगळे काढा: उघडा सपाट कातळ, सुट्या दगडांचा पट्टा, मातीने भरलेले उथळ खळगे, पावसाळी डबकी, आणि सड्याची कड (कपारी, जांभ्यातल्या गुहा, झऱ्यांची तोंडं). मातीची खोली खुणा केलेल्या लोखंडी सळीने मोजा. २ सेंमीपर्यंत, २ ते १०, आणि १० च्या वर असे तीन वर्ग पुरतात. एवढ्याशा फरकाने वरची वनस्पती बदलते. उपग्रहाच्या चित्रात हे सगळं एकाच रंगात येतं, म्हणून तर पडीक.

आता सुटे दगड. पांढऱ्या पट्ट्यांची पाल, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, १९६३ साली वर्णिली गेली ती रत्नागिरीजवळच्या डोर्लेहून. निशाचर आहे, दिवसा सड्यावरच्या सुट्या दगडांखाली असते. शेषाचारीचं देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर), गेगेनिओफिस शेषाचारी, हेही डोर्लेचंच, २००३ चं. म्हणजे तुमच्या लीजवर सुटे दगड असतील तर या दोघांसाठी स्वतंत्र शोध हवाच.

पद्धत अशी: प्रत्येक प्रकारात १० बाय १० मीटरचे चौकोन, नकाशावर आधीच यादृच्छिक निवडलेले. 'इथे बरे दगड दिसतात' म्हणून जागेवर निवडले तर आकडे निकामी. चौकोनातले ठरावीक मापाच्या वरचे सगळे दगड मोजा, उचला. शून्य आलं तरी नोंद करा. वेळ, हवेचं तापमान आणि दगडाखालची ओल हे रकाने रिकामे सोडू नका.

दगड उचलताना आकडी वापरा आणि पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे दगड तुमच्या आणि फुरशाच्या (विषारी सापाच्या) मधे राहतो. प्राणी असेल तर दगड आधी जसाच्या तसा, त्याच खाचेत बसवा आणि प्राण्याला कडेने आपला आपण आत जाऊ द्या. वरून दगड ठेवला तर चिरडतो. तिरपा ठेवला तर खालची ओल उडते आणि ती जागा बिघडते. पकडून मापं घ्यायची असतील तर वन्यजीव कायद्याखालची परवानगी आधी.

किती वेळा? एका फेरीत प्राणी सापडण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर तो तिथे असूनही तीन फेऱ्या कोऱ्या जाण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. ती ५ टक्क्यांखाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. 'आढळले नाही' लिहिण्याआधी हे गणित मांडा, त्याशिवाय त्या वाक्याला काही किंमत नाही.

दीपकाडी

वनस्पतींपुरतं. एका फेरीत भागत नाही, हजेरीचे महिने वेगळे असतात. दीपकाडी, डिपकाडी कोंकनेन्से, पावसाच्या सुरुवातीला फुलते. नंतर पानंही वाळतात आणि वर काहीच राहत नाही, कंद खाली असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. भुईगेंद थंडीत. तेव्हा पहिल्या पावसानंतर दोनेक आठवड्यांत, ऑगस्टअखेर आणि ऑक्टोबरात अशा तीन फेऱ्या तरी करा (भुईगेंदासाठी थंडीत आणखी एक), १ बाय १ मीटरचे क्वाड्रॅट (मोजणीचे चौकोन), वरच्या पाच प्रकारांत वाटून.

गेंदाच्या फोटोवरून प्रजातीचं नाव लिहू नका. फुलोऱ्यातली सुटी फुलं आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. पक्व फुलोरा नमुना म्हणून ठेवा आणि हर्बेरियममधून (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयातून) ओळख पक्की करून घ्या. टीओआरमध्ये 'प्रमाणित' यादी मागतात ती यासाठीच.

गावच्या जैवविविधता समितीची लोकजैवविविधता नोंदवही मागून घ्या. तीत स्थानिक नावं असतात, ती गुराख्यांना विचारताना कामी येतात.

पायवाट

खूप उपयोगी. पण वरून सांगणं आहे की टीओआरमध्ये बिगरपावसाळी हंगाम लिहिलाय, तर पावसाळ्याचा खर्च कशाला. शिवाय 'वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधलं काही नाही ना' हाच एक प्रश्न विचारला जातो.

तपासनीस

टीओआरमधली ती ओळ कमीत कमी किती हवं ते सांगते. पावसाळ्यात पाहणी करायला बंदी नाही. त्यातून केलीच नाही, तर पाहणीच्या तारखा लिहून 'या काळात पावसाळी प्रजाती तपासलेल्या नाहीत' असं स्पष्ट छापा. ते झाकलेलं छाननीत लगेच लक्षात येतं, सुनावणीत तर गावकरीच विचारतात.

दुसरं, अनुसूची (कायद्याचं संरक्षण) आणि आययूसीएन (धोक्यातल्या प्रजातींची जागतिक लाल यादी) हे दोन वेगळे रकाने. खवलेमांजर दोन्हीत आहे: अनुसूची १ आणि संकटग्रस्त. पण सड्यावरच्या कित्येक प्रदेशनिष्ठ जातींची गोष्ट तशी नाही, म्हणून 'अनुसूची १ नाही' याचा अर्थ 'अडचण नाही' होत नाही. अनुसूचीही नव्या पाहा. २०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या अहवालांतून उचललेले आकडे चुकतात. उचललेल्या याद्यांचा आणखी एक नमुना: घाटमाथ्यावरच्या आंबोली परिसरातला टायगर टोड (एक भेक) कोकणातल्या कुठल्याही खाणीच्या यादीत डोकावतो. अभ्यासकाने नाव वाचलं की अख्ख्या यादीवरचा विश्वास उडतो.

खवलेमांजरासाठी बिळं आणि उकरलेली वारुळं शोधा, कॅमेरा ट्रॅप जमिनीपासून साधारण ३० ते ४० सेंमीवर लावा. 

फुरसं_बघून_चाला

एक राहिलं. डबकी नकाशावर वाचवून भागत नाही, त्यांचं पाणलोटही वाचवावं लागतं. ते असतं जेमतेम काही गुंठ्यांचं, पण वरच्या अंगाला रस्ता काढला की डबकं भरतच नाही. जोराच्या पावसात उभं राहून पाण्याची वाट जीपीएसवर चालत काढा. ड्रोनच्या उंचीनकाशावर विसंबू नका, सड्याचा उतार इतका कमी असतो की दोन बोटांच्या उंचवट्याने पाणी वळतं. निवडलेल्या डबक्यांची खोली दर आठवड्याला एकाच ठिकाणी पट्टीने मोजा, कोरडं पडल्याची तारीख लिहा. बेडकांच्या पिल्लांचं रूपांतर पुरं होण्याआधी आटतं की नंतर, हे त्यावरून कळतं.

तीच वाट पुढे बफर झोनमध्ये न्या. सड्यात मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून वहाळात (ओढ्यात) उतरतं, खाणीचा लाल गाळही त्याच रस्त्याने जाईल. वहाळातले मासे आणि बेडूक बफरच्या यादीत स्वतंत्र तपासा.

पायवाट

डबक्यांना क्रमांक कातळावर रंगाने घातले तर चालतील का?

फुरसं_बघून_चाला

रंग नको. एक तर पावसात टिकत नाही, आणि त्या भागात कातळशिल्पं असू शकतात, मातीखाली झाकलेलीसुद्धा. ॲल्युमिनियमचा छोटा टॅग तारेने जवळच्या झुडपाला बांधा, झुडूप नसेल तर जीपीएस बिंदू आणि चारही दिशांचे फोटो. शिल्पाची रेघ दिसली तर तिथले दगड हलवू नका, बिंदू घेऊन पुरातत्त्व खात्याला कळवा.