शब्दचर्चा : वर्गणी, शुल्क की देणगी? आणि ‘खर्चाचं समर्थन’

मूळ प्रश्न (रामबाग, इंदूर)

नमस्कार. आमच्या मंडळाच्या संकेतस्थळाचं नाव .ऑर्ग मधलं आहे आणि दर वर्षी त्याचे पैसे मी भरते. बिलात नावाच्या किमतीखाली एक वेगळी ओळ असते, ‘आयकॅन फी’. (आयकॅन म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि पत्ते यांचा जगभराचा मेळ राखणारी संस्था.) बरीच वर्षं तिथे ०.१८ डॉलर असायचे, जुलै २०२५ पासून ०.२० झाले. खजिनदार काकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे कोणाला जातात आणि कशापायी?” वार्षिक अंकात एक पान लिहीन, असं मी म्हणाले आणि लिहायला बसल्यावर शब्दांशीच अडले.

हे वीस सेंट नाव विकणारी कंपनी आयकॅनला देते. करार आहे, नावामागे दर ठरलेला आहे, तेव्हा ‘शुल्क’ म्हणायला माझी हरकत नाही. पण त्याच बिलातला दुसरा पैसा .ऑर्ग सांभाळणाऱ्या पीआयआर या संस्थेकडे जातो. तिचा खर्च भागून उरतं ते इंटरनेट सोसायटीला मिळतं आणि सोसायटी त्यातून आयईटीएफच्या खर्चाला पैसे देते. दोन संगणकांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम आयईटीएफमध्ये लिहिले जातात आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. आमच्या गणपतीच्या फोटोंच्या बिलातून त्या कामाला हातभार लागतो, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. या पैशाला म्हणायचं काय?

तिसरा प्रकार आणखी वेगळा. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांचे आकडी पत्ते, वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत, आपल्या भागाची एपनिक, ब्रिस्बेनला. या पाचजणी मिळून आयकॅनला वर्षाला ८,२३,००० डॉलर देतात. इंग्रजीत त्याला ‘कॉन्ट्रिब्यूशन’ म्हणतात. मराठीत?

प्रतिसाद

‘योगदान’ लिहा. सगळ्यांना कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

कळतं, पण त्यात पैसा दिसत नाही. स्वयंपाकघरात पुऱ्या लाटल्या तेही योगदानच.

प्रतिसाद (निवृत्त लेखापाल, इंदूर)

ताई, शब्द तुमच्या घरातच आहे. वर्गणी.

मी चाळीस वर्षं पावतीपुस्तकं तपासली. आपल्याकडे गणपतीच्या पावतीवर हिंदीत ‘सहयोग राशि’ छापलेलं असतं, खाली मराठी पोरं पेनाने ‘वर्गणी’ लिहितात. दोन्ही एक नव्हेत. सहयोग राशीत देणाऱ्याने दिलं, संपलं. वर्गणीत आधी खर्चाचा आकडा समोर असतो, मग तो माणसांत वाटला जातो आणि ज्याने दिली त्याला वही बघायचा हक्क असतो. आमच्या गल्लीत दुकानाला एक दर, घराला दुसरा, भाडेकरूला तिसरा, आणि विसर्जनानंतरच्या रविवारी वही ओट्यावर ठेवलेली. ‘अंशदान’ मला चालत नाही, कारण त्यात ‘दान’ आहे. दान दिलेल्या पैशाचा हिशेब मागणं आपल्याकडे वाईट दिसतं.

पाच संस्थांनी एक आकडा आपसात वाटून घेतला असेल तर ती वर्गणीच.

प्रतिसाद (नेटवर्क अभियंता, मूळचा इंदूरचा)

काकांशी सहमत, आणि त्यांचं दुकान-घर-भाडेकरूचं उदाहरण देशांच्या नावांना तर हुबेहूब लागू पडतं. .इन सारखी नावं चालवणाऱ्या संस्थांकडून, आपल्याकडे निक्सी, आयकॅनला नावामागे सक्तीने काही घेता येत नाही. २०१३ मध्ये त्या संस्थांनीच आपसात ठरवलं की ज्याच्याकडे जितकी नावं, त्याप्रमाणे टप्पे पाडायचे आणि प्रत्येकाने स्वेच्छेने द्यायचं. म्हणून तिथे ‘ऐच्छिक वर्गणी’ लिहा.

मात्र सगळंच वर्गणी नाही. २०१२ मध्ये आयकॅनने .ऑर्ग सारखी नवीन नावं चालवायला अर्ज मागवले, तेव्हा एका अर्जाला १,८५,००० डॉलर घेतले. १,९३० अर्ज आले. एकाच नावावर दोघांचा दावा असला की काही वेळा लिलाव झाला, त्याचा पैसा आयकॅनने चालू खर्चात मिसळला नाही, वेगळा ठेवला. त्यातून बाहेरच्या कामांना पैसे द्यायची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ते ‘अनुदान’.

लेखापाल

हे आपल्या इंदूरला समजावून सांगायला नको. होळकरांकडे दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, वेगळी आणि घराण्याची खासगी वेगळी. अहिल्याबाईंनी देशभर घाट-देवळं बांधली ती खासगीतून. खातं वेगळं ठेवलं की शब्दही वेगळा ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ती

वर्गणी पक्की. आता दुसरी अडचण, ही मला जास्त छळते आहे. दर वाढवताना या संस्था खर्च योग्य कसा हे सांगतात, त्याला मी ‘खर्चाचं समर्थन’ लिहिलं होतं. पुण्याच्या वाचकाला बरोबर कळेल. इथे मुलीला वाचून दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे ते खर्चाच्या बाजूने आहेत?” तिच्या कानावर लहानपणापासून गव्हाचं ‘समर्थन मूल्य’ पडतं, आपण ज्याला हमीभाव म्हणतो ते. हिंदीत समर्थन म्हणजे पाठिंबा.

मग ‘खुलासा’ लिहिलं. तोही फसला. मराठीत तपासनीस शेरा मारतो आणि आपण खुलासा लिहितो. इथल्या बातम्यांत ‘बड़ा खुलासा’ म्हणजे भांडं फुटलं.

अभियंता

‘खर्चवसुली’ही टाळा. त्या १,८५,००० ला ‘कॉस्ट रिकव्हरी’ म्हटलं होतं. ‘वसुली’ म्हटलं की लोकांना हप्ता आठवतो. आपलं ‘ना नफा ना तोटा’ जास्त नेमकं आहे. मात्र त्या रकमेत सुमारे ६०,००० डॉलर पुढे काय उपटेल सांगता येत नाही म्हणून धरले होते. ते झालेल्या खर्चाचे नव्हते, तेव्हा वाक्यात ‘अंदाजे’ हवंच.

लेखापाल

समर्थनाच्या जागी ‘हिशेब देणे’. हिंदीतही हिसाब म्हणजे हेच.

अभियंता

नाही काका, इथे अडतंय. हिशेब म्हणजे कुठे किती गेले. तुमच्या वहीत मांडवाचे पैसे लिहिलेले असतात, पण भाडेकरूला कमी दर का, हे वहीत नसतं. २०१३ च्या चर्चेत नेमकं तेच मांडलं होतं. आयकॅन जे काम करते त्यातलं काही फक्त देशांच्या नावांसाठी, काही त्यांच्यासह इतरांसाठी, काही साऱ्या इंटरनेटसाठी, आणि त्यावरून कोणी काय उचलायचं ते काढलं. त्याला वेगळा शब्द हवा.

लेखापाल

बरोबर आहे, मान्य. ‘वाटणीचा आधार’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती

हे फार छान. मग असं लिहिते : “आपल्या बिलातले ०.२० डॉलर हे आयकॅनचं शुल्क. पत्ते वाटणाऱ्या पाच संस्था आणि देशांची नावं चालवणाऱ्या संस्था तिला वर्गणी देतात. वर्गणीसोबत वाटणीचा आधार सांगावा लागतो, आणि वर्षाअखेर हिशेब.” सोसायटीकडून आयईटीएफला जातं त्याला तूर्त ‘अर्थसाहाय्य’ लिहिलं आहे, पण मन भरत नाही. कोणाला सुचलं तर सांगा.

अभियंता

एक भर घाला. आयकॅन अंदाजपत्रकाचा मसुदा दर वर्षी अभिप्रायासाठी खुला ठेवते. कोणीही लिहू शकतं, सभासद असावं लागत नाही.

लेखापाल

म्हणजे वही ओट्यावरच आहे की. ताई, पुढचा मसुदा आला की मला छापून द्या. आकडे मी बघतो, इंग्रजी तुम्ही सांभाळा.