गाडीचा कर रस्त्यालाही द्या आणि बसलाही

बसपासवाली
परवा इथे एकांनी लिहिलं होतं: "गाडी आम्ही घेतो, कर आम्ही भरतो. त्यातून खड्डे बुजवा. बसचा तोटा भरायला त्यातला एक रुपया देऊ नका." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

9 लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्याकडे 11 टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे 99 हजार. रक्कम मोठी आहे, मान्य. पण ती आज ना रस्त्यासाठी राखलेली आहे ना बससाठी. राज्याच्या एकत्रित निधीत पडते आणि पगार, पेन्शन, व्याज, सगळ्यांत मिसळून जाते. माझी मागणी अशी की कायदा करून हा पैसा वेगळा काढा आणि रस्ता व बस दोघांना वाटून द्या.

माझी 7:40 ची बस आठवड्यातून दोनदा तरी येत नाही. थांब्यावरची निम्मी माणसं रिक्षा शोधतात, कॉलेजची मुलं घरी फोन लावतात, "बाबा, गाडी घेऊन या". प्रत्येक फोनमागे रस्त्यावर एक गाडी वाढते. बस वेळेवर धावली तर रस्ता गाडीवाल्यांनाच मोकळा मिळेल.

दोनचाकी
ते "एकजण" मीच. मागच्या पावसाळ्यात मागे बायको बसलेली, रस्त्यावर पाणी साचलेलं, खड्डा दिसलाच नाही. तिच्या मनगटात प्लेट आहे, अजून पोळ्या लाटता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात कोणीतरी झाडाची फांदी रोवली, तेवढीच काय ती दुरुस्ती. माझ्या 125 सीसीवरही 11 टक्केच घेतलेत. आधी रस्ता द्या, मग बसचं बोला. बसला इतर ठिकाणाहून मिळतंच. पुण्यात घर घेणारा 2022 पासून मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या 1 टक्का मेट्रो अधिभार भरतोय.

बसपासवाली
ताईंचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण मेट्रोचा अधिभार म्हणजे बसचा पैसा नव्हे, दादा.

हिशेबनीस
तुम्ही दोघंही भोळे आहात. राखीव कराचं काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलंय. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागेंच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, तिच्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला. पुढे केंद्राची योजना आली, मजुरीचा मोठा भार तिकडे गेला. कर गेला का? माझ्या पगारातून महिना 200 कापतात, फेब्रुवारीत 300. ऑफिसातल्या किती जणांना तो कशासाठी होता हे सांगता येईल?

पेट्रोल-डिझेलवरच्या सेसचंही तेच. 2000 च्या कायद्याने केंद्रीय रस्ते निधी झाला. 2018 मध्ये त्याच्या नावात "पायाभूत सुविधा" आल्या आणि यादीत पाणीपुरवठ्यापासून रुग्णालयांपर्यंत सगळं बसलं. नाव राहतं, कर राहतो, काम बदलतं.

कंडक्टरचा मुलगा
बसला "तोटा" म्हणणाऱ्यांनी हेही लिहावं की एसटी तिकिटाच्या पैशातून सरकारला 17.5 टक्के प्रवासी कर भरते. वडिलांनी 31 वर्षं तिकिटं फाडली. शेवटच्या माणसापर्यंत जाणाऱ्या गाडीकडून कर घ्यायचा आणि वर तिलाच तोट्याची म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

बंगळूरकर
तुम्ही खर्चाचं बोलताय, आधी घेतलेला कर परत द्या. महाराष्ट्रात 15 वर्षांचा कर भरला, चौथ्या वर्षी बदली झाली. 12 महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवायची तर नवी नोंदणी, नवा कर. उरलेल्या वर्षांचा परतावा मागायला जुन्या गावच्या कार्यालयात चार खेपा घातल्या. प्रत्येक वेळी "फाइल वर गेलीय".

दोनचाकी
बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा "भारत" मालिकेचा नंबर, का नाही घेतला? त्यात दोन-दोन वर्षांचाच कर असतो.

बंगळूरकर
ती मालिका 2021 ची, तेव्हा नव्या गाड्यांनाच मिळायची, माझी गाडी 2017 ची. शिवाय खासगी नोकरीत असाल तर कंपनीची कार्यालयं चार राज्यांत हवीत. माझ्या कंपनीची दोनच राज्यांत आहेत. सल्ला देण्याआधी नियम वाचत चला.

दोनचाकी
आवाज चढवू नका, चांगल्या मनाने विचारलं होतं.

हिशेबनीस
बंगळूरकरांचा मुद्दा विषयाला धरूनच आहे. परतावा वेळेत मिळत नाही, कारण एकदा जमा झालेल्या पैशावर कोणाचं नाव उरत नाही.

बसपासवाली
हे तर माझ्याच बाजूचं झालं! नाव उरावं म्हणूनच वेगळा निधी हवा.

हिशेबनीस
निधीला नाव असून काय होतं ते वर दोनदा लिहिलंय. पण एक देतो तुम्हाला: नाव होतं म्हणूनच काम बदललं हे मला दाखवता आलं. एकत्रित निधीत तेवढंही दाखवता येत नाही.

चंद्रपूरहून
सगळे शहरातले दिसताय. गाड्या पुण्या-मुंबईत विकल्या जातात, नोंदणी तिथे, कर तिथला. उद्या "जिथला कर तिथेच" झालं तर आमच्याकडे काय येणार? आमच्या तालुक्यातल्या एका गावात दिवसाला एकच एसटी. पोरी बारावीनंतर शिकत नाहीत, कारण संध्याकाळी परतीची गाडी नाही. माझी भाची त्यातलीच. तिच्या बापाकडे मोटारसायकलही नाही, मग तुमच्या हिशेबाने तिचा हक्क शून्य.

दोनचाकी
ताई, असं म्हणालो नव्हतो मी.

चंद्रपूरहून
"एक रुपया देऊ नका" म्हणजे दुसरं काय होतं, भाऊ?

दोनचाकी
ठीक आहे. एसटीला द्या. ती शब्दरचना मागे घेतो. पण खड्ड्याचा वाटा आधी ठरवा, आणि कोणत्या रस्त्याला किती गेले ते वॉर्डात फलक लावून सांगा. यावर मी हटणार नाही.

बसपासवाली
फलक मान्य. "जिथला कर तिथेच" हे माझ्या डोक्यात नव्हतं, पण मी ते नाकारलंही नव्हतं, ती चूक माझी. मग वाटप नोंदणीवर नको, ज्या गावात दिवसाला दोनहून कमी फेऱ्या आहेत तिथून सुरू करा. चंद्रपूरच्या ताई, त्या गावातून शेवटची एसटी किती वाजता सुटते?

चंद्रपूरहून
सकाळी सव्वासातला. तीच पहिली, तीच शेवटची.