जुन्या गेमिंग पीसीला कोणता प्रोसेसर? (सोसायटी ग्रुप, पुणे; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

सी-१०४: नमस्कार मंडळी. चिरंजीवांचा गेमिंग पीसी २०२० चा आहे. रायझन ५ २६००, बी४५०एम बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर, ८ जीबी रॅम, मॉनिटर १४४ हर्ट्झचा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) मध्येच धाडकन पडतात. दुकानदार म्हणतो, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच नवं घ्या. नुसता प्रोसेसर बदलून भागेल का?

बी-३०१: काका, सगळं बदलायची घाई नको. तुमचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खाच, एएम४ आहे. त्याच बोर्डात रायझन ५००० सिरीज बसते.

ए-७०२: बसते, पण आधी अडतंय कुठे ते बघू. ८ जीबी म्हणजे एकच स्टिक आहे का? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसेल.

सी-१०४: ४ पैकी १ स्लॉट. स्पीड २१३३. स्टिकवरच्या स्टिकरवर मात्र ३२०० लिहिलंय.

ए-७०२: मग अर्धं दुखणं इथेच आहे. एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये चालते, म्हणजे बँडविड्थ (डेटा वाहण्याची क्षमता) निम्मी. शिवाय बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवायचं सेटिंग, चालू केलेलं नाही, त्यामुळे ३२०० ची स्टिक २१३३ वर पडून आहे. रायझनमध्ये आतल्या कोअर-गटांना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक मेमरीच्या क्लॉकवरच चालते. रॅम हळू म्हणजे प्रोसेसरही हळू. आजच एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं.

ए-७०२: २६०० चा मेमरी कंट्रोलर जुना आहे, ३२०० वर कधी कधी अडतो. पीसी दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होऊन पुन्हा २१३३ वर आला तर घाबरू नका, २९३३ ठेवून बघा. ५००० सिरीजवर ३२०० सहसा विनातक्रार चालतं.

डी-२०३: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते २ पाणी नाही. कृपया भरून ठेवणे.

बी-३०१: नोंद घेतली काकू.
काका, आता खरी चाचणी. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो. गेमच्या कोपऱ्यात जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) टक्के, प्रत्येक कोअरचे टक्के आणि एफपीएस दिसू द्या. व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवे येतील.

सी-१०४: मुलाने बघून सांगितलं. व्हॅलोरंटमध्ये जीपीयू ५५ ते ६०. पण सीपीयू म्हणजे प्रोसेसरसुद्धा ४५ टक्केच दाखवतंय. मग दोघांतलं कोणीच पूर्ण चालत नाही असं कसं?

ए-७०२: सीपीयूचा एकूण टक्का इथे कामाचा नाही. २६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर बसतो. तो एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात जेमतेम ८ टक्के दिसतात. म्हणून बघायचं ते जीपीयूकडे. ९५ ते ९९ असेल तर अडसर कार्डाचा. ६० असेल तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम.

सी-१०४: करून बघितलं. ७२० वरही तेवढेच. म्हणजे प्रोसेसरच. कोणता घ्यावा?

ए-५०४: रायझन ५ ५६००. डोळे झाकून.

बी-३०१: डोळे उघडे ठेवून घ्या काका, नावांत गफलत आहे. ५५०० आणि ५६००जी हे दोन्ही ६ कोअरचे, पण त्यांत एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी) १६ एमबी. ५६०० मध्ये ३२ एमबी. गेमला कॅश लागते. आठ कोअरमध्येही तेच: ५७००एक्स मध्ये ३२ एमबी, पण नुसता ५७००, ज्याच्या पुढे एक्स नाही, त्यात १६. बॉक्सवरचं अक्षर नीट वाचा. दुकानात "सेमच आहे" म्हणून पुढे केलं जातं.

ए-५०४: आणि ५६००एक्स?

बी-३०१: ५६०० चं बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ४.४ गिगाहर्ट्झ, एक्सचं ४.६. बाकी जवळजवळ तेच. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

ए-७०२: पीसीआय ४.० (कार्ड जोडणाऱ्या मार्गाची पुढची, जलद पिढी) मिळतं म्हणून ५६०० घ्या असंही कोणी सांगेल. बी४५० वर कार्डाचा स्लॉट ३.० च राहतो, कोणताही प्रोसेसर टाका. ५५०० पेक्षा ५६०० घ्यायचं कारण एकच, कॅश. २६०० मध्ये १६ एमबी आहे, तीही ८-८ अशी तीन-तीन कोअरच्या दोन गटांत विभागलेली. एका गटाच्या कोअरला दुसऱ्याकडचा डेटा हवा झाला की उशीर. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आणि ३२ एमबी सगळ्यांना सामाईक. एफपीएस मध्येच पडतात ते सावरण्यात याचा मोठा वाटा आहे.

ए-५०४: मग ५७००एक्स३डी का नको? ९६ एमबी कॅश! काउंटर-स्ट्राइकमध्ये तर उडतो.

ए-७०२: उडतो, हे खरं. पण तीन गोष्टी. पहिली, सोबत कूलर मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. दुसरी, १६६० सुपर. जड गेममध्ये हे कार्ड ५६०० च्याही आधी धापा टाकेल, तिथे ९६ एमबीचा उपयोग शून्य. तिसरी, हा प्रोसेसर बाजारात कमी दिसतो आणि टंचाईचा भाव लावला जातो. पुढच्या वर्षी मोठं कार्ड नक्की घेणार असाल आणि बॉक्स-बिलासकट सरळ भावात मिळाला तरच घ्या. ५६०० घेऊन वाचलेल्या पैशात ८ जीबीची दुसरी स्टिक घेतली तर या पीसीला जास्त फायदा.

बी-३०१: बोर्डाचंही बघा. स्वस्त बी४५०एम वर प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंक नसतो. ६५ वॉटचे प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत ओढतात, ते झेपतं. ५८००एक्ससारखे १०५ वॉटचे १४२ पर्यंत जातात. एप्रिल-मेच्या पुण्यात असा बोर्ड तापला की क्लॉक आपोआप खाली येतो, आणि आठ कोअरचे पैसे देऊन सहाचं काम मिळतं.

ई-६०१: अहो पण इतक्या जुन्या प्लॅटफॉर्मवर पैसे घालायचेच कशाला? एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) घ्या, पुढची पाच वर्षं निर्धास्त.

ए-७०२: सर, एएम५ ला डीडीआर५ च लागते, जुनी रॅम चालत नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते बघताच आहात. बोर्ड, प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर५, आणि बोर्ड बदलला म्हणून विंडोज पुन्हा अॅक्टिव्हेट करायची कटकट. एवढं करूनही कार्ड १६६० सुपरच. नवा पीसी बांधायचाच असेल तेव्हा एएम५ उत्तम. आता नाही.

सी-१०४: ५६०० पक्का. दुसरी स्टिक कोणती? आणि प्रोसेसर घरी बसवता येईल?

ए-७०२: येईल. रॅम शक्यतो त्याच कंपनीची, ३२००, त्याच सीएल (विलंब दाखवणाऱ्या) आकड्याची. चार स्लॉट आहेत तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर पुन्हा सिंगल चॅनल.
प्रोसेसरच्या आधी बायोस. हे काम जुना २६०० बसलेला असतानाच करायचं. लोक उलटं करतात, नवा लावतात, स्क्रीन काळी, मग बोर्ड गेला म्हणून दुकानात धाव. ५६०० ला ओळखणारा नवा बायोस हवा.

बी-३०१: पायऱ्या लिहून देतो.
१) विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२. बोर्डाचं पूर्ण नाव आणि बायोसचा नंबर टिपून ठेवा. बोर्डावर रेव्हिजन छापलेलं असतं, तेही. रेव्हिजन वेगळं तर फाइल वेगळी.
२) बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टच्या यादीत ५६०० शोधा. समोर किमान कोणता बायोस लागतो ते दिलेलं असतं. काही बोर्डांवर आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, तसं असेल तर तिथेच लिहिलेलं असतं.
३) पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल त्यात. अपडेट बायोसच्या आतूनच करा, विंडोजमधल्या अॅपने नको.
४) गुरुवारी करू नका.

ई-६०१: गुरुवारी का? उपास?

बी-३०१: महावितरण, सर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर कधीही करा.

ए-७०२: आणि त्याच्याही आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप! विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू असतं. त्याची किल्ली प्रोसेसरमधल्या एफटीपीएम या सुरक्षेच्या भागाशी बांधलेली. प्रोसेसर बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती नसेल तर डेटाला रामराम. सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करा आणि पूर्ण बंद होईपर्यंत थांबा, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून की कागदावर उतरवा. नवा प्रोसेसर लावल्यावर एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन, असं विचारलं जाईल. एन्क्रिप्शन बंद केलेलं असेल किंवा की हातात असेल तरच वाय.

सी-१०४: बापरे. हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं.

ए-७०२: आता बसवणं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१. कूलर गार असताना सरळ वर ओढला तर वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून काढते, आणि पिना वाकतात. म्हणून आधी १०-१५ मिनिटं गेम चालवून पीसी गरम करा. मग बंद, प्लग बाहेर. चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा, सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. लिव्हर वर करूनच प्रोसेसर काढा.

ए-७०२: नव्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि सोडून द्या, आपल्या वजनाने बसतो. बोटाने दाबायचं नाही. ५६०० सोबत रेथ स्टेल्थ कूलर येतो, त्याला पेस्ट लावलेलीच असते, वर आणखी लावू नका. तुमचा जुना कूलरही स्टेल्थच असेल तर स्क्रूची भोकं तीच. क्लिपवाला कूलर असेल तर बाजूचे काळे प्लॅस्टिक ब्रॅकेट काढावे लागतील. तेव्हा बोर्डामागची पट्टी सुटून पडते, मुलाला मागून हात धरायला सांगा.

बी-३०१: पहिल्यांदा चालू केल्यावर एक-दोन मिनिटं स्क्रीन काळी राहील, मेमरीची जुळवाजुळव चालते. घाईने बटण दाबून बंद करू नका. पाच मिनिटांनीही काही आलं नाही तर बंद करून प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत लावा.

ए-५०४: आणि काका, बायोस अपडेटने सगळी सेटिंग मूळपदावर येतात. एक्सएमपी पुन्हा चालू करायचं. सिक्युअर बूट आणि टीपीएम बंद राहिलं तर विंडोज ११ वर व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारा प्रोग्राम) गेम उघडूच देत नाही. मुलगा म्हणेल पीसी बिघडवला.

सी-१०४: तापमान किती चालेल?

ए-७०२: ५६०० ची मर्यादा ९० अंश. स्टेल्थवर गेममध्ये सत्तरीत दिसलं तर ठीक. सतत ८५ च्या वर असेल तर कॅबिनेटची जाळी साफ करा, कूलरचे स्क्रू सारखे घट्ट आहेत का बघा.

एफ-४०२: माझ्याकडे आय५ ९४००एफ आहे, बी३६० बोर्ड. त्याला काय बसेल?

बी-३०१: ९७०० किंवा ९९०० बसतील, पण जुनेच मिळतात आणि भाव अवाच्या सव्वा. तुमच्या बाबतीत बोर्ड बदलणंच बरं. आय५ १२४००एफ आणि डीडीआर४ चा बी६६० बोर्ड, रॅम आहे तीच. बोर्डाच्या नावात डीडीआर४ लिहिलंय ना ते तपासा, डीडीआर५ चे बोर्डही त्याच नावाने विकले जातात. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड काढलंत तर स्क्रीन येणार नाही.

सी-१०४: शनिवारी तापकीर गल्लीत जातो. काय बघून घेऊ?

बी-३०१: सीलबंद बॉक्स आणि जीएसटी बिल. बॉक्सवाल्याला कंपनीची ३ वर्षं वॉरंटी. ट्रे पीस म्हणून सुटा प्रोसेसर देतील, स्वस्त असतो, पण वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर आणि कूलर नाही. घरी आल्यावर सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये नाव आणि एल३ ३२ एमबी दिसतंय का बघा, झाकणावरच्या छपाईवर जाऊ नका.

जी-१०२: जुना २६०० विकणार असाल तर मला सांगा. माझा १२०० आहे, ए३२० बोर्ड.

ए-७०२: बसेल. २६०० ला चालणारा बायोस हवा, आधीचा असेल तर तुम्हालाही अपडेट १२०० लावलेला असतानाच करायचं. काका, काढलेला २६०० नव्या बॉक्समधल्या प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा, पिना खाली करून टेबलावर नको.