सशर्त संभाव्यता: कुणाचं घोडं कुठे अडतं?

आमच्या इमारतीतली सीईटीवाली मुलं सध्या या एकाच धड्यावर अडून बसली आहेत: एक गोष्ट घडली हे कळल्यावर दुसरीची संभाव्यता किती? सूत्र सगळ्यांना पाठ, गणित मात्र सुटत नाही. शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहा. उपदेश नको.

बारावीच्या शिकवण्या, सदाशिव पेठ:
फासा टाकला, सम आकडा आला एवढंच कळलं. तो ६ असण्याची संभाव्यता किती? निम्मी बॅच १/२ गुणिले १/६ करून १/१२ लिहून मोकळी होते. म्हणून आता सूत्र शेवटी. आधी फळ्यावर १ ते ६ लिहिते, विषम आकडे डस्टरने पुसते आणि विचारते, "उरले किती?" छेदात ६ नाही, ३ आहेत, हे डोळ्यांना दिसलं की १/३ साठी माझी गरज लागत नाही. (पेपरात पायऱ्यांचे मार्क असतात, त्यामुळे सूत्र टळत नाहीच.)

विद्यार्थी, कर्वेनगर:
पिशवीत ५ लाल, ३ निळे चेंडू. परत न ठेवता दोन काढले. दुसरा लाल निघाला, तर पहिला लाल असण्याची संभाव्यता? अभ्यासिकेत सगळ्यांचं ५/८. "पहिला आधीच काढून झाला, दुसऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?" उत्तर ४/७ आहे हे कुणी मानेना. शेवटी एक दादा चहा पिता पिता म्हणाला, "समजा पिशवीत लाल एकच आहे, आणि तो दुसऱ्यांदा निघाला. मग पहिला लाल असेल का रे?" सगळे गप्प. आधी घडलेलं बदलत नाही, पण त्याबद्दलची आपली माहिती बदलते.

एमबीबीएस, दुसरं वर्ष:
समजा आजार १ टक्का लोकांना, चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९ टक्के निरोग्यांनाही पॉझिटिव्ह दाखवते. रिपोर्ट पॉझिटिव्ह, तर आजार असण्याची शक्यता? वर्गात "९० टक्के!" असा एकच गलका. हजार माणसं घ्या: १० रुग्णांपैकी ९ पॉझिटिव्ह, ९९० निरोग्यांपैकी सुमारे ८९. म्हणजे ९८ पैकी ९, जेमतेम ९ टक्के. टक्के सोडून माणसं मोजली की बेझचं सूत्र (अशी उलटी संभाव्यता काढायचं) आठवावंही लागत नाही.

पालक, औंध:
दोन अपत्यांपैकी थोरला मुलगा आहे म्हटलं, तर दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता १/२. निदान एक मुलगा आहे म्हटलं, तर १/३. लेकीने चारही जोड्या (मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी) कागदावर मांडून दाखवल्या. तिचे आजोबा अजून १/२ वरच आहेत.