मदत हवी आहे: माझदा एमएक्स-५ ची मागची प्लास्टिकची काच धुरकट झाली आहे

गाडी पहिल्या पिढीची, दुमडता येणाऱ्या मऊ छपराची; छपराला चेनने जोडलेली मऊ पीव्हीसीची (लवचिक प्लास्टिकची) मागची काच. उन्हाने पिवळट झाली आहे, शिवाय बारीक ओरखडे आहेत. नखाला लागतील असे दोनच.

आतापर्यंतचं: सावलीत, काच गार असताना भरपूर पाणी आणि कार शाम्पूने धूळ काढली. कोरडं पुसलं की धूळच नवे ओरखडे पाडते. अमोनियाचा ग्लास क्लीनर टाळला, त्याने पीव्हीसी कडक होऊन तडकतं. नंतर प्लास्टिक पॉलिश, एका वेळी हातभर भाग, मायक्रोफायबरने, आतून सपाट फळी टेकवून. आधार नसेल तर काच दबते आणि पॉलिश सारखं बसत नाही. वरचा धूसरपणा बराच गेला, पिवळेपणा तसाच. तो पदार्थाच्या आतपर्यंत गेला असावा.

प्रश्न असे: उरलेल्या ओरखड्यांसाठी २००० आणि मग ३००० ग्रिटचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) मऊ पीव्हीसीवर चालतो का, की तो कठीण हेडलाइटसाठीच ठीक? मशीनने पॉलिश कुणी केलंय का? मला उष्णतेने काच लाटांसारखी वाकडीतिकडी होण्याची भीती वाटते. छप्पर खाली दुमडताना चेन न उघडल्याने पडलेल्या घडीच्या तपकिरी रेषा पॉलिशने जाणार नाहीत हे धरूनच चाललोय. तेवढ्यासाठी हुडवाल्याकडून (गाडीची छपरं शिवणाऱ्याकडून) फक्त पीव्हीसी बदलून शिवून घ्यावं का? शिवण पावसात गळते का?