जत्रेच्या दशावतारी नाटकाचं यूट्यूब लाईव्ह यंदा चालू ठेवायचं की बंद करायचं? (कुडाळ साईड)

सुरंगीचो_वळेसार

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या जत्रा कमिटीत सध्या एकाच विषयावर डोकेफोड चाललीय म्हणून इथे विचारतोय. गाव कुडाळ तालुक्यात, नाव मुद्दाम देत नाही नाहीतर उद्या चावडीवर माझाच दशावतार होईल.

झालं असं की २०२० ला कोरोनामुळे आमची जत्रा नावापुरती झाली. फक्त मानकरी आणि पुजारी, पालखी देवळाच्या आतल्या आत फिरवली आणि नाटक नाहीच. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा जत्रेच्या रात्री साडेदहाला गाव झोपला होता. २०२१ ला घटस्थापनेला, म्हणजे ७ ऑक्टोबरला देवळं उघडली, मग जत्रेला परवानगीचे कागद, मास्क, दोन डोसचं सर्टिफिकेट असं सगळं करून नाटक लावलं. मुंबईकर फारसे येऊ शकणार नव्हते म्हणून माझ्या चुलतभावाने काठीला मोबाईल बांधून यूट्यूबवर लाईव्ह केलं. लोकांनी लालबाग, डोंबिवली, विरारमधून पहाटेपर्यंत बघितलं, खाली कमेंट चालू, "कॅमेरो जरा डावीकडे घे रे, राजा दिसत नाय". काहींनी तिथूनच गुगल पे ने बक्षिसं पाठवली, ती आम्ही माईकवरून पुकारली. मजा आली खोटं कशाला बोलू.

यंदा, म्हणजे २०२२ ला, गुढीपाडव्यापासून सगळे निर्बंध गेलेत, जत्रा पहिल्यासारखी जोरात करायची ठरलीय. पण आता दशावतार कंपनीचा मालक म्हणतो लाईव्ह केलंत तर मी (कपड्या-मुकुटांचा) पेटारा उघडणार नाही. आणि मुंबई मंडळ म्हणतं अर्धी वर्गणी आमची, लाईव्ह बंद केलंत तर वर्गणीचं बघू. दोघांचंही ऐकायचं तर नाटक बिननाटकाचं करावं लागेल. तुमच्या गावात काय करतायत? आणि प्लीज "काळानुसार बदलायला हवं" एवढंच लिहू नका, ते मला पण कळतं.

परळची_मामी

मी लाईव्हच्या बाजूने. तुम्हाला तिथे बसून सांगायला काय जातं. कोकण रेल्वेचं तिकीट कितीतरी दिवस आधी उघडतं आणि पाच मिनिटात वेटिंग, आणि जत्रेची तारीख तुमचे लोक सांगणार पंधरा दिवस आधी, "देवाचो कौल झालो" म्हणून. माझ्या मिस्टरांचे गुडघे गेलेत, सासूबाई दीड वर्षं पलंगावर आहेत. २०२० च्या गणपतीत तर आम्हाला गावात यायचं तर दहा दिवस शाळेत क्वारंटाईन म्हणे, म्हणून ३० वर्षांत पहिल्यांदा गणपती चुकला, मेन घराला कुलूप, दिवा शेजारणीने लावला.

गेल्या साली आमच्या माहेरच्या गावाचं लाईव्ह टीव्हीला जोडलं होतं. रात्रीचा एक वाजला असेल, सूत्रधाराने गणपतीला बोलावलं, तो पडदा बाजूला होऊन गणपती आला आणि सासूबाई एकदम म्हणाल्या माका उठवन बसव. मी म्हटलं आई, टीव्ही आहे. तर म्हणतात "मग काय झाला, देव इलो ना". पाठीला दोन उशा लावून बसवलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. तो विनोदी राक्षस, संकासूर, आल्यावर हसल्या. मग झोपल्या. पुढचं आख्यान, म्हणजे मुख्य कथा, आम्ही कोणीच बघितली नाही, खरं सांगते, कामावर जायचं होतं. पण ती पंधरा-वीस मिनिटं आम्हाला कोण देणार? कंपनीच्या मालकाला हे सांगा.

पायपेटी_काळी४

मी कलाकार आहे, पेटीवर असतो, वीस-बावीस वर्षं झाली. मालकाची बाजू मांडायला नाही आलो, आमची मांडतो.

आमचा सीझन कार्तिकात जत्रांना सुरू होतो तो पावसाच्या तोंडावर संपतो. २०२० ला जनता कर्फ्यू लागला २२ मार्चला, म्हणजे सीझन भरात असताना. पेटारा मालकाच्या पडवीत गेला तो तिथेच. आमच्यातला राजापार्टी करणारा आंबे पॅकिंगला गेला, एक स्त्रीपार्टी ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला, जो माणूस नऊवारी नेसून तारामती करायचा तो जाळं ओढत होता, हाताला घट्टे पडले, नंतर बांगड्या चढेनात. मी काजूच्या फॅक्टरीत बी फोडली, पेटीवरची बोटं काळी झाली. सरकारने २०२१ ला कलाकारांसाठी एकदाच ५००० जाहीर केले, ते कोणाला मिळाले कोणाला कागदात अडकले. नंतर कुठे जत्रा सुरू झाल्या तर डिसेंबरच्या शेवटी ओमायक्रॉन, रात्री ९ ते सकाळी ६ पाचपेक्षा जास्त माणसं एकत्र नकोत. आता आमचं नाटकच रात्री बाराला उभं राहतं आणि पहाटे संपतं, म्हणजे तो नियम जणू आमच्यासाठीच काढलेला. १० जानेवारीपासून तर ११ ते ५ संचारबंदी. ज्या नाईट (म्हणजे रात्रीचे प्रयोग) ठरल्या होत्या त्या सगळ्या गेल्या, आणि त्याच महिन्यात आमचे नावाजलेले दशावतारी नट सुधीर कलिंगण पण गेले, दशावतारी माणसाला तो जानेवारी कसा गेला ते विचारू नका.

आता लाईव्हचं. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते हे तुम्हाला माहीत आहे. मालक संध्याकाळी देवळाच्या मागे बसून सांगतो आज हे आख्यान, तू हा, तू तो, आणि तोंडाला रंग लावता लावता संवाद जुळतात. तो संवाद समोर कोण बसलंय त्यावर चालतो. पुढच्या रांगेत म्हातारे असले तर राजा पुराणातले दाखले देतो, पोरं असली तर संकासूर जास्त वेळ राहतो. मोबाईलसमोर कोणाकडे बघून बोलायचं? आणि आख्यानं शेवटी मोजकी. आज तुमच्याकडे ट्रिकसीन लावला, नाग आला, डोकं उडालं, सगळं फोनवर फिरलं, तर चार दिवसांनी शेजारच्या गावात लोक म्हणतात "ह्यां बगलेला आसा", आणि तो कमिटीवाला बिदागी ठरवताना तेच तोंडावर मारतो.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या एका स्त्रीपार्टीची पदर सावरतानाची दहा सेकंदाची क्लिप कोणीतरी लाईव्हमधून कापून भलतंच गाणं लावून रील केली. खाली कमेंट काय काय होत्या ते इथे लिहित नाही. त्याची मुलगी नववीत आहे, तिला वर्गातल्या पोरांनी दाखवली. तो माणूस पुढच्या चार नाईट आला नाही. देवळात जी माणसं समोर बसतात ती त्याला रात्रभर सीता म्हणून बघतात आणि सकाळी त्याच माणसाला चहा विचारतात, त्यांच्यासमोर आम्हाला लाज वाटत नाही.

मामींचं वाचलं. त्यांच्या सासूबाईंसाठी माझी ना नाही. गणपतीपासून संकासुरापर्यंत दाखवा, तो देवाचाच भाग आहे, सगळीकडे सारखाच. आख्यान नको.

खाजेवालो_बाबलो

मेल्यानू नाटक काय मोबाईलार बगूचा आसता? थंडीत गोणपाट पांघरून, कुडकुडत, खाजा चघळत, बाजूचो घोराक लागलो की तेका ढोसून उठवत बगूचा. २०२० च्या जत्रेक माझा दुकान नाय लागला, चाळीस किलो खाजा घरात पडला, बायलेन शेजाऱ्यांका वाटून टाकला नी मी दोन महिने कोणाचा तोंड बगलंय नाय. तुमच्या लाईव्हात कोणाक खाजा इकू? लिंक पाठवू?

नमन_संगमेश्वर

आमचं नमन-खेळे (रत्नागिरीकडचं लोकनाट्य), पण प्रश्न तोच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे २०२१ च्या शिमग्याला पालखी घरोघरी नेता आली नाही, सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, बसली आणि लोक लांबूनच पाया पडले, म्हाताऱ्या बायका अक्षरशः रडत होत्या की पालखी दारातून गेली नाही म्हणून. त्यात आमच्या मंडळाचे ड्रेस शिवायला आणि दुरुस्तीला चिपळूण बाजारपेठेत दिले होते ते २२ जुलैच्या पुरात वाशिष्ठीने नेले. गवळणीचे घागरे, मावशीची साडी, कृष्णाचा मुकुट. महिनाभराने त्यातला एक घागरा चिखलाने कडक झालेला मिळाला, तो अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही. असो, हे विषयाबाहेर झालं.

मुद्दा हा की आम्ही मुंबईत तिकिटावर प्रयोग करतो. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं उघडली पण ५० टक्के खुर्च्यांवर, भाडं मात्र आम्हाला पूर्ण पडलं. त्या काळात आम्ही पण लाईव्ह करून बघितलं. लोकांनी बघितलं भरपूर पण पुढच्या तिकीट शोला तीच माणसं म्हणाली "लिंक टाका ना". तेव्हापासून आमचा नियम, लाईव्ह नाही. सीझन संपल्यावर मे महिन्यात मंडळाच्या स्वतःच्या चॅनलवर एक प्रयोग नीट दोन कॅमेऱ्यांनी शूट करून टाकतो, कमेंट बंद. जे काही पैसे येतात ते मंडळाचे. तुमच्या कंपनीला हे सुचवून बघा, कारण चुलतभावाच्या चॅनलवर टाकलं तर व्ह्यूज चुलतभावाचे आणि घाम कलाकारांचा.

कोर्टाची_पायरी

छोटी माहिती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ आहे, परफॉर्मर्स राइट, म्हणजे सादर करणाऱ्याचा हक्क. त्याच्या संमतीशिवाय सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करणं किंवा ते प्रसारित करणं हे त्या हक्काच्या आड येतं. "देवळाच्या आवारात आहे, आमची जत्रा, आम्ही पैसे दिले" हे चालत नाही. नाईट ठरवतानाच सुपारीच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या, काय दाखवायचं, कुठपर्यंत, कोणाच्या चॅनलवर. कागद नसेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर हो-नाही घ्या.

जनरेटरवाला_सावंतवाडी

माझा मंडप, लाईट, माईकचा धंदा, जत्रेच्या सीझनला रोज एक गाव. सगळे लाईव्ह लाईव्ह करताय पण निम्म्या देवळांकडे फोन लावायला रेंज नाही, सड्यावर चढून "हॅलो" करावं लागतं. मध्येच गोल फिरत राहतं आणि मग मुंबईहून मला फोन, तुझ्या माईकचा प्रॉब्लेम आहे काय.

मी यंदाच्या पहिल्या चार-पाच जत्रांत जे बघितलं ते सांगतो. गर्दी परत आलीय, उलट जास्तच आहे, दोन वर्षांचं उट्टं काढल्यासारखी माणसं येतायत, सोनुर्लीच्या जत्रेत लोटांगणाला तर पाय ठेवायला जागा नव्हती. पण ती गर्दी देवदर्शन, दुकानं, चायनीजची गाडी एवढ्यापुरती. पालखी फिरली की गाड्या स्टार्ट. कोरोनात अंतर ठेवायला म्हणून कमिट्यांनी खुर्च्या मांडल्या त्या आता कायमच्या झाल्यात, पूर्वी चटई टाकून एका घरची दहा माणसं एकमेकांना टेकून बसायची, पोरं तिथेच झोपायची, म्हणून बायका पहाटेपर्यंत थांबायच्या. खुर्चीवर पोर झोपत नाही, मग आई त्याला घेऊन दीडलाच घरी जाते. माझ्या मते लाईव्हपेक्षा ह्या प्लास्टिकच्या खुर्चीने नाटकाचं जास्त वाटोळं केलंय. भाड्याने मीच देतो त्या, तरी सांगतो.

एक गंमत. एका गावात मागच्या आठवड्यात तक्रार झाली आणि माईक बंद करायला लावला. मला वाटलं आता संपलं. तर राजाने बाकड्यावरून उठून दोन पावलं पुढे येऊन तसाच आवाज टाकला, पखवाज आणि झांज सुद्धा दबून वाजायला लागले आणि मागे खुर्च्यांवर बसलेली माणसं आपसूक उठून पुढे येऊन जमिनीवर बसली. ऐकू येत नव्हतं ना. त्या रात्री शेवटपर्यंत माणूस हलला नाही. माझं माईकचं भाडं मात्र अर्धंच दिलं.

सुरंगीचो_वळेसार

सगळ्यांचे आभार, काल रात्री मीटिंग झाली, तुमच्या रिप्लाय मधलं बरंचसं वाचून दाखवलं (पेटीवाल्या दादांचं वाचताना दोन-तीन जणं खाली बघत होती, कारण आमच्या गावच्या ग्रुपवर पण तसल्या क्लिप फिरल्यात). ठरलं ते असं. पालखी आणि गणपतीपासून संकासुराचा वध होईपर्यंत लाईव्ह, कमेंट बंद, मग मोबाईल खाली. आख्यानाच्या वेळी कोणी शूटिंग करताना दिसला तर सूत्रधाराने नाव घेऊन पुकारायचं, बाकी शिक्षा नको. मालकाला फोन केला, तो "बगूया" म्हणाला, आमच्याकडे त्याचा अर्थ हो. मुंबई मंडळाच्या अध्यक्षांनी आधी अर्धा तास भाषण दिलं, मग मी म्हटलं आख्यान बघायचं असेल तर या, तुमच्या भावकीच्या घरात गाद्या घालतो, तेव्हा जरा थंड झाले. वर्गणी अजून आलेली नाही.

खुर्च्यांवरून मात्र तुफान भांडण झालं. शेवटी पुढे चटया आणि मागे वयस्कर माणसांसाठी दोनच रांगा असं ठरलं. जनरेटरवाले भाऊ, तुमच्यासारख्याच एकाला आम्ही दीडशे खुर्च्यांची ऑर्डर दिलेली ती कॅन्सल करतोय, तुम्हीच नसाल अशी आशा.

खाजेवाले बाबल्या काका, पहिल्या नंबरची जागा तुमची, वडाखाली.

परळची_मामी

बरं झालं. फक्त एक करा, गणपती यायच्या पाच मिनिटं आधी मला मिस्ड कॉल द्या, तुमच्या चुलतभावाला नंबर पाठवते. बारा म्हणता आणि दीड वाजवता तुम्ही लोक, सासूबाईंना इतका वेळ बसवून ठेवता येत नाही.